अडतीस नंबरला वर कोणी चढत नाही

बिश्केकच्या अडतीस नंबरच्या बसबद्दल कोणी चांगलं बोललं, तर समजावं की हा माणूस टॅक्सीने फिरतो. मी वाईटही बोलत नाही, चांगलंही बोलत नाही. मी नोंद ठेवतो. या मार्गाच्या वरच्या टोकाला, कोक-दोबोच्या टेकडीवर, पत्र्याच्या खोलीत मी एकोणचाळीस वर्षं बसलो. बस वर आली की चालक फेरीपत्रक घेऊन खिडकीशी यायचा, मी वेळ लिहून शिक्का मारायचा. मागच्या वर्षी कचेरीने सांगितलं, आता आकाशातला उपग्रह वेळ बघतो, सोवेतबेक, तू घरी जा. शिक्का काढून घेतला. खोली काढून घ्यायला विसरले. म्हणून मी अजून तिथेच बसतो, चहा पितो आणि वहीत वेळ लिहितो. उपग्रहाची आणि माझी वेळ अजून जुळलेली नाही. चूक कोणाची ते उपग्रहाला विचारा.

सोव्हिएत राज्यात शहराचं नाव फ्रुन्झे होतं तेव्हा वर विटांचा कारखाना होता आणि मार्गावर पांढऱ्या-पिवळ्या ढब्बू बसगाड्या होत्या. गाडी चालू झाली की आत रिकाम्या बाटल्यांची पेटी हलवल्यासारखा आवाज यायचा. पेट्रोल इतकं प्यायची, की चालक म्हणायचे, हिला पाजून उरलं तर आम्ही. पण बारा मिनिटांनी एक यायची म्हणजे यायची. लोक तक्रार करायचे की दहा मिनिटांनी का नाही. तेव्हा लोकांना तक्रार करणं परवडत होतं.

मग हंगेरीहून मधोमध भाता असलेल्या लांबलचक गाड्या आल्या. वळणावर भात्यापाशी उभं राहिलं की पुढचा अर्धा भाग कामावर गेलेला दिसायचा आणि आपण अजून घराच्या दिशेने तोंड करून. देश तुटला आणि हंगेरीहून सुटे भाग यायचे थांबले. दोन गाड्यांचे भाग काढून एक चालू ठेवायची, असं करत करत चोवीसच्या तीन झाल्या. मग एक दिवस तीनही भंगारात गेल्या, आणि भात्याच्या रबराचं कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर झालं. त्या साली माझ्या वहीत काही पानं अशी आहेत, की तारीख आहे आणि खाली काहीच नाही. मी तरी रोज बसत होतो. पगारही असाच होता, तारीख असायची.

त्यानंतर मिनीबस. जर्मनीत म्हाताऱ्या झालेल्या, इथे येऊन पुन्हा तरुण झालेल्या. अंगावर कुठल्या तरी जर्मन बेकरीचं नाव, कुठल्या तरी खिडक्या बसवणाऱ्याचा फोन नंबर. आमच्या गावातल्या शारशेनने एकदा त्या नंबरावर फोनसुद्धा लावून पाहिला होता. आत चौदा सीट आणि तीस माणसं. सीट न मिळालेल्यांनी मान वाकवून तासभर उभं राहायचं. वीस वर्षं आमच्या गावाने छताला नमस्कार करत प्रवास केला. तरण्या पोरांच्या माना कायमच्या पुढे आल्या, आणि त्यांच्या आयांना वाटायचं, किती नम्र झाला माझा मुलगा.

या मिनीबसच्या काळात कोक-दोबोला एक अक्कल सुचली, आणि ही गोष्ट त्या अकलेची आहे.

वरच्या थांब्याच्या आधी, दीड किलोमीटर खाली, पाण्याच्या टाकीचा थांबा आहे. गाडी टाकीवरून चढ चढते, वर आमच्याकडे येते, वळसा घालते आणि पुन्हा टाकीवरून शहराकडे उतरते. कोणाच्या तरी लक्षात आलं, की वर उभं राहून चौदा सीटसाठी भांडण्यापेक्षा चालत टाकीपर्यंत उतरावं, वर येणाऱ्या रिकाम्या गाडीत बसावं आणि बसल्या बसल्या वर येऊन खाली जावं. दुसऱ्या दिवशी ते दोघांच्या लक्षात आलं. महिन्याभरात अख्खं गाव सकाळी वीस मिनिटं टेकडी उतरू लागलं. गाडीत बसून वर यायचं, आपल्याच फाटकासमोरून जायचं, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या बायकोला काचेतून हात करायचा आणि कामावर जायचं. बायका हात करायच्या नाहीत. त्यांना माहीत होतं, की हा माणूस पाऊण तासापूर्वी याच फाटकातून बाहेर पडलाय.

वर चढणारी एकच उरली. बुरुल अपा.

बुरुल अपा एकाहत्तर वर्षांची. शहरातल्या दवाखान्यात कोट सांभाळते. हिवाळ्यात लोकांचे कोट आणि टोप्या खुंटीवर लावायच्या, उन्हाळ्यात बुटांवर चढवायच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या द्यायच्या, आणि वर्षभर डॉक्टरांपेक्षा जास्त निदानं करायची. तिला टाकीपर्यंत उतरायची गरज नव्हती. ती चढली की अर्धी बस उठून उभी राहायची. म्हाताऱ्या बाईला उभी ठेवून आपण बसून राहावं, असं आमच्यात चालत नाही. आणि उतरायचं म्हटलं तरी तिचे गुडघे तिला उतरू देणार नव्हते. टेकडीवर नोव्हेंबर ते मार्च बर्फ असतो. त्या उतारावर धडधाकट माणूससुद्धा थोडं चालतो आणि बाकीचं घसरतो.

तिचा मुलगा शहरात सातव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षं झाली म्हणतोय, आई, नोकरी सोड, घर वीक, आमच्याकडे ये. सुनेने स्वयंपाकघरात घडीची खाट टाकायची जागासुद्धा मोजून ठेवलीय. बुरुल अपा म्हणते, "मी लोकांचे कोट खुंटीला लावते, सोवेत. मला खुंटीला लावून घ्यायचं नाही."

दोन वर्षांपूर्वी मिनीबस गेल्या आणि चिनी बनावटीच्या विजेच्या बसगाड्या आल्या. निळ्या, चकचकीत, आवाज नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन कुत्री आणि एक शेजारी थोडक्यात वाचले. खिडक्या उघडत नाहीत, कारण आत थंड हवा असते. थंड हवा लावत नाहीत, कारण बॅटरी संपते. एकोणतीस सीट. आणि प्रत्येक दाराच्या वर एक काळा डोळा. तो माणसं मोजतो. किती चढले, किती उतरले.

मागच्या शरदात एक तरुण माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. पातळ बूट, हातात पाटीसारखा चपटा संगणक. नाव एलदियार. बससेवेने मोजणीसाठी एक कंपनी नेमली होती, तिचा माणूस. मला बाइके म्हणाला, वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं.

"बाइके, तुम्ही इथे खूप वर्षं आहात म्हणे. एक विचारू?"

"आधी आत ये. ते बूट तुला डिसेंबर दाखवणार नाहीत."

तो आत आला. मी चहा ओतला. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "संध्याकाळी या थांब्यावर रोज सरासरी दोनशे तीन माणसं उतरतात."

"बरोबर."

"आणि सकाळी एक चढतं."

"बुरुल अपा."

"रविवारी एकही नाही."

"रविवारी दवाखाना बंद."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याचा चेहरा खरोखर चिंतेत होता. "बाइके, रोज दोनशे दोन माणसं वर येतात आणि परत जात नाहीत. ती जातात कुठे?"

"तुला काय वाटतं?"

"आमच्या साहेबांना वाटतं की इथे काही तरी बेकायदा बांधकाम चालू असावं."

मी त्याला टाकीची सगळी हकिगत सांगितली. त्याने शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "म्हणजे ते बसमध्येच असतात?"

"बसलेले असतात. चांगले ऐसपैस."

"पण मग ते या थांब्याचे प्रवासी होत नाहीत. ते टाकीचे झाले. यंत्रात तसा रकानाच नाही."

"माझ्या वहीत आहे."

त्याने वही हातात घेतली, आदराने चाळली. "यावर शिक्का कुठंय?"

"तुमच्याच माणसांनी नेला."

"मग चालणार नाही," तो म्हणाला, आणि त्याला वाईट वाटलं हे मला दिसलं. वाईट वाटणारी माणसं कचेऱ्या फार जपून नेमतात. लोकांना नाही म्हणायला तीच बरी पडतात. निर्णय असा होता की थांबा चढणाऱ्यांवर ठरतो, उतरणाऱ्यांवर नाही, आणि एका प्रवाशासाठी बस दीड किलोमीटर वर चढवायची नाही. शेवटचा थांबा टाकी. फार तर एक फेरमोजणी करता येईल. दोन आठवड्यांनी गुरुवारी सकाळची सात दहाची फेरी. वर तीस माणसं चढली तर थांबा राहील.

"तीसच का?" मी विचारलं.

"साहेबांना पूर्ण आकडा आवडतो."

त्या रविवारी शारशेनच्या अंगणात सभा भरली. शारशेन शाळेत व्यायाम शिकवायचा, आता लोखंडी फाटकं जोडतो. पण आवाज अजून मैदानावरचाच. चहा, ताजी रोटी, साय, कणकेचे तळलेले बोरसोक. खाण्याच्या बाबतीत आमची सभा कधी अपुरी पडत नाही. बुरुल अपा मानाच्या जागी, दारासमोर, भिंतीला टेकून. सगळे तिच्याबद्दलच बोलत होते, जणू ती तिथे नव्हती.

"अपाला त्या बर्फात चालायला लावायचं? आपण माणसं आहोत की कोण?" शारशेन गरजला.

"माणसं, माणसं," सगळे म्हणाले आणि बोरसोक घेतले.

"गुरुवारी प्रत्येकाने वर चढायचं. टाकीला कोणी जायचं नाही. एक दिवस उभं राहिलं तर कोणी मरत नाही!"

"एक दिवसच ना?" मागून कोणी तरी विचारलं.

"एकच."

"मग रांग कशी लावायची? आधी येणारा आधी, की घराच्या नंबराने?"

यावर पाऊण तास चर्चा झाली. घराच्या नंबराने म्हणणाऱ्यांची घरं एक ते पंधरा होती. शेवटी ठरलं की रांग लागेल तशी लागेल, पण वर चढायचं नक्की. रोटी मध्यभागी ठेवली, प्रत्येकाने तिच्यावर हात ठेवला. रोटीवर हात ठेवून खोटं बोलणं फार वाईट, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. त्रेचाळीस हात मी मोजले. घरी जाताना बुरुल अपा माझ्या खांद्याला धरून चालत होती.

"किती येतील, सोवेत?"

"त्रेचाळीस जणांनी रोटीवर हात ठेवलाय, अपा."

"मी हात नाही विचारले."

वही हातात नसली की मला बोलता येत नाही.

गुरुवारी उणे नऊ होतं. सात वाजता मी थांब्यावर गेलो. बुरुल अपा आधीच उभी होती. राखाडी शाल, फेल्टचे बूट, हातात डब्याची पिशवी. एलदियारही आला होता, आणि पातळ बूट घालूनच आला होता.

"बाकीचे?" त्याने विचारलं.

"येतील," मी म्हणालो.

सात पाचला रस्त्यावर एक कुत्रं दिसलं. तेही थांब्याकडे आलं नाही.

सात दहाला बस चढावर दिसली. आवाज नसल्यामुळे ती एखाद्या आठवणीसारखी येते. जवळ आली तशा काचा दिसल्या, आणि काचांमागे टोप्या. ओळखीच्या टोप्या. सगळ्या सीटवर एक एक, आणि मधल्या जागेत आणखी चौदा. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हात आत होते, मिशीवरचं दव पुसत.

प्रत्येकाचा हिशेब सरळ होता. बेचाळीस जण वर उभे राहणार आहेत, तर त्या एका दिवशी टाकीवरची गाडी रिकामी येणार. मग आपण एकटेच खाली गेलो तर काय बिघडलं? बेचाळीस म्हणजे तीसपेक्षा कितीतरी जास्त. हा हिशेब त्रेचाळीस जणांनी त्रेचाळीस घरांत वेगवेगळा केला आणि तो प्रत्येक घरात बरोबर आला.

दार उघडलं. पहिल्या सीटवर शारशेन. त्याने फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

एलदियारने पडद्याकडे पाहिलं, मग बुरुल अपाकडे, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाला, "बाइके, हे रिकामं आहे, असं लिहावं लागेल."

"भरलेली आहे की."

"थांबा रिकामा आहे."

बुरुल अपाने दांडा धरला आणि चढली. एक पाय, मग बराच वेळ, मग दुसरा. नेहमीप्रमाणे पुढचे आठ-दहा जण उठले. "बसा, अपा." "इथे या, अपा, इथे वारा लागत नाही." शारशेनने फोन खिशात टाकून अख्खी सीट हाताने झाडली.

"नको," बुरुल अपा म्हणाली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"अपा, बसा हो!"

"नको रे. पुढच्या आठवड्यापासून दीड किलोमीटर उभ्याने जायचंय. आजपासून सवय करते. तुम्ही बसा. तुम्ही रोज इतके चालून दमता."

आता आमची अडचण अशी, की म्हातारी उभी असताना बसता येत नाही. बाकी पुष्कळ काही करता येतं; ते त्या दिवशी सिद्धच झालं होतं. पण हे येत नाही. पुढचे आठ-दहा उभे राहिले होतेच. त्यांना उभं पाहून त्यांच्या मागचे उठले. मग मधले. शेवटच्या रांगेतला एक जण झोपल्याचं नाटक करत होता, त्याला शेजारच्या बाईने कोपर मारलं. तोही उठला. एकोणतीस रिकाम्या सीट आणि चव्वेचाळीस माणसं उभी. चालक जानबोलोत आरशातून बघत म्हणाला, "निघू का? की प्रार्थना आहे?"

"बसा ना," बुरुल अपा म्हणाली.

"तुम्ही बसा, अपा," सगळे म्हणाले.

"मी नाही बसत."

"मग आम्ही कसे बसू?"

"नका बसू. उभंच राहायचं तर इथे काय आणि खाली जमिनीवर काय. उतरा."

कोणी हललं नाही. शारशेनने घसा साफ केला. "अपा, उतरलो तर सीट..."

"शारशेन, तुझी आई बाळंत होताना मी तिचा हात धरला होता. आधी पाय आलेत, म्हणून सुईण घाबरली होती. तेव्हाही तू उलटाच होतास. उतर."

बसमध्ये कोणी तरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. शारशेन उतरला. उतरताना त्याने टोपी सीटवर ठेवली. मग सगळे उतरले, आणि प्रत्येकाने काही ना काही मागे ठेवलं: हातमोजे, पिशवी, कोबीचा गड्डा, एकाने तर एक बूट ठेवला आणि लंगडत उतरला. जानबोलोतने दोन्ही दारं उघडी ठेवली. शेवटी बुरुल अपाही उतरली; म्हणाली, मोजायचं तर मलाही मोजू दे.

बर्फात त्रेचाळीस माणसं आणि एक बुरुल अपा. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघेना.

"आता चढा," ती म्हणाली. "माझ्या मागून."

काळा डोळा मोजत होता. एलदियारच्या पडद्यावर आकडे पळत होते. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं: उतरले चव्वेचाळीस, चढले पंचेचाळीस. अपा दोनदा.

"बाइके," तो म्हणाला, "हे मी पाहिलंय. म्हणजे मला माहीत आहे की हे..."

"यंत्राने काय पाहिलं?"

त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. त्याच्या बुटांत पाणी गेलं असावं. "यंत्राने चढलेले पंचेचाळीस पाहिले."

"तुझ्या माहितीसाठी रकाना आहे का?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मला तो हसताना दिसला.

तीन आठवड्यांनी कचेरीचा कागद आला. माझ्या खोलीच्या पत्र्यावर चिकटवून गेले. कोक-दोबोचा थांबा कायम. बुरुल अपाने तो वाचला, चष्मा काढला, आणि तिथूनच मुलाला फोन लावून म्हणाली की ती खाट सुनेला झोपायला दे, दुपारची.

पण कागदाला दुसरा परिच्छेदही होता, आणि तो लोकांनी दुसऱ्या दिवशी वाचला. मोजणीत असं आढळलं आहे, की शेवटच्या थांब्यावर सर्व प्रवासी उतरतात. सबब यापुढे त्या थांब्यावर बस पूर्ण रिकामी करून दारं बंद करावीत, सहा मिनिटं बॅटरीला विश्रांती द्यावी, आणि त्यानंतरच नव्या प्रवाशांना घ्यावं. सीटवर राहिलेल्या वस्तू बेवारस समजल्या जातील.

पहिले दोन दिवस काही जण तरीही टाकीला गेले. बसून वर आले, जानबोलोतने सगळ्यांना उतरवलं, दारं लावली आणि आत एकटा चहा प्यायला. कोबीचा गड्डा बेवारस झाला. तिसऱ्या दिवसापासून वर रांग लागली.

आता रोज सकाळी सातला माझ्या खोलीसमोर चाळीस-पन्नास माणसं उभी असतात आणि बुरुल अपाला शिव्या घालतात. मनात, ती पहिली उभी असते ना. वयाप्रमाणे तिला पुढे सोडावंच लागतं. परवा शारशेन अगदी तिच्या मागे होता. कान लाल, नाक लाल.

"अपा, तुम्ही आमची चांगली चाललेली सोय घालवली," तो म्हणाला.

"कसली सोय? पहाटे उठून टेकडी उतरायची, ती? आता वीस मिनिटं जास्त झोपायला मिळतं ना तुला?"

"मिळतात हो वीस मिनिटं," शारशेन म्हणाला. "पण झोप कुठे लागते? सीट मिळेल की नाही, या काळजीने पाचलाच जाग येते."

बुरुल अपाने मान हलवली, डॉक्टरांसारखी. "दवाखान्यात ये," ती म्हणाली. "तुझा कोट मी सांभाळते." मग जानबोलोतने दार उघडलं आणि मागून सगळ्यांनी एकदम ढकललं.